पाऊस मे महिन्यात आला, मग गाजर गवत ऑगस्टमध्ये उपटून काय उपयोग? (पुण्याच्या टेकड्या, नद्या आणि परदेशी तण)

कुसळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रविवारी टेकडीवर श्रमदानाला जाणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय. आमचा छोटा गट वेताळ टेकडीच्या एका उतारावर वनखात्याच्या परवानगीने गाजर गवत, घाणेरी आणि गिरिपुष्पाची रोपं काढतो. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं: जूनमध्ये खड्डे, जुलैत रोपं, ऑगस्टमध्ये तण. बहुतेक गटांचं हेच असावं.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात आला. त्याआधी वळवाच्या सरींनी मे महिनाभर जमीन ओलीच होती. गाजर गवताचं बी ओल मिळाली की रुजतं, महिना बघत नाही. रुजल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत त्याला फूल येतं. म्हणजे मेअखेर रुजलेलं गवत जुलैच्या सुरुवातीला फुलावर होतं आणि ऑगस्टमध्ये आपण हातमोजे चढवून पोहोचेपर्यंत त्याची पहिली पिढी बी सांडून मोकळी झालेली. एक रोप १५ ते २५ हजार बिया सहज देतं. बी धरलेलं रोप उपटायचं, पायवाटेवरून ओढत न्यायचं आणि टेकडीच्या कडेला ढीग लावायचा, याला मी तरी आता निर्मूलन म्हणायला तयार नाही. ती पेरणी होते.

देशभर गाजर गवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो. शाळा-कॉलेजांत माहिती द्यायला तो आठवडा चांगलाच आहे, पण कामाची तारीख म्हणून आपण तोच धरून बसलो तर हरणार.

माझं म्हणणं असं की कॅलेंडर बाजूला ठेवून पावसावरून दिवस धरावा. जमीन नीट भिजेल असा पहिला पाऊस झाला की तिथून तीन आठवड्यांनी पहिली फेरी. तेव्हा रोप वीतभरही नसतं, माती ओली असते, मुळासकट निघतं आणि फूल नसल्यामुळे जागेवरच कुजायला टाकता येतं. पुढे दर तीन आठवड्यांनी त्याच जागेवर परत. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पडला की पुन्हा मोजणी सुरू. हा शेवटचा भाग आपण सगळेच सोडून देतो. दिवाळीनंतर टेकडीवर कोणी फिरकत नाही आणि नेमका तेव्हा रुजलेला घोळका फेब्रुवारीपर्यंत बी टाकत राहतो.

दुसरा प्रश्न गिरिपुष्पाचा, म्हणजे आपल्या उंदीरमारीचा. मागच्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वनीकरणात ती टेकड्यांवर लागली. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. गुरं तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते, मुरमात वाढते, त्यामुळे त्या काळी ती निवडली गेली यात नवल नाही. पण आता ती स्वतःच पसरतेय. एप्रिल-मेच्या उन्हात शेंगा तडकतात आणि बी वीस-पंचवीस मीटरपर्यंत उडतं. दाट गिरिपुष्पाखाली गवताची काडी दिसत नाही. हिचं काय करायचं, यावर अनुभव लिहा.

---

पाऊलवाट

चांगला धागा. तीन आठवड्यांची फेरी पटली. अडचण माणसांची आहे. कॉलेजची मुलं जुलैअखेर मिळतात, त्याआधी प्रवेशाची गडबड असते. कंपन्यांचे लोक वृक्षारोपणालाच येतात, तण उपटायला या म्हटलं की संख्या निम्मी होते. फोटोत उपटलेलं तण छान दिसत नाही ना.

आणखी एक. दरवर्षी हौसेने सीडबॉल (बी भरलेले मातीचे गोळे) फेकणारे गट बघतो. आत काय आहे विचारलं तर गुलमोहर, सुबाभूळ, जे बी सहज मिळालं ते. कृपया हे थांबवा. सुबाभळीने आधीच रेल्वे रुळांच्या कडा आणि ओढ्यांचे काठ व्यापलेत.

---

जुनी_पेठ

गाजर गवताचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे. भारतातली याची जी नोंद सगळीकडे सांगितली जाते, ती पुण्याचीच, १९५६ साली प्रसिद्ध झालेली. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातून ते आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो कायदा १९५४ चा आणि भारताशी करार १९५६ चा. पण पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही रोपं त्याच्या काही वर्षं आधीच दिसली होती, म्हणून सगळा दोष त्या गव्हावर टाकता येत नाही. गव्हाने पसरायला हातभार लावला असेल. आज काम करायचं आहे ते मात्र राडारोडा, मुरूम आणि शेणखताच्या गाड्यांवर, कारण आता बी त्यांतून फिरतं. टेकडीच्या पायथ्याशी राडारोड्याचा एक ट्रक रिकामा झाला की पुढच्या पावसात तिथे काय उगवतं ते पाहा.

तरुण मंडळी निराश होतात म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. फड्या निवडुंगाने एके काळी दख्खनची माळरानं अशीच अडवली होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून एक कोचिनील कीटक आणला गेला आणि त्याने निवडुंग आटोक्यात आणला. आज निवडुंग दिसतो, पण गावाची वाट अडवत नाही. नायनाट झाला नाही, जोर गेला. गाजर गवताच्या बाबतीतही मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

---

सावली_हवी

मतभेद नोंदवते. पुण्याचा उन्हाळा दरवर्षी जास्त जाचक होतोय. टेकडीवर जी काही हिरवी झाडं आहेत ती परदेशी म्हणून कापायची? माझ्या सासूबाई रोज सकाळी याच गिरिपुष्पांच्या सावलीतून चालतात. झाड लावायला पैसे नाहीत आणि असलेलं तोडायला उत्साह आहे, असं वाटतं. शिवाय एकदा 'परदेशी झाड काढा' असं म्हणायला सुरुवात झाली की रस्ता किंवा इमारत हवी असलेले लोक तेच वाक्य वापरतील.

---

कुसळी

सावली_हवी ताई, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याबाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, वनजमिनीवर वनखात्याची. ती वाट कोणीही वाकडी करू नये. सरसकट तोड मलाही नको.

पण टेकडी 'उजाड' होती म्हणून झाडं लावली, या समजुतीशी माझा वाद आहे. बेसॉल्टवरचा हातभर मातीचा थर, पुणे शहराचा वर्षाचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस आणि आठ कोरडे महिने, अशा जागी निसर्गाने गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली झाडं दिली होती. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं. सालई, मोई, मेडशिंग, हिवर, गणेर ही झाडं. उन्हाळ्यात हा माळ पिवळा दिसतो म्हणजे तो मेलेला नसतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पाऊस मुरवतात. दाट गिरिपुष्पाखाली जमीन उघडी असते, तिथे जोराची सर आली की माती वाहून जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर-अरण्येश्वर परिसरातले लोक विसरले नसतील. त्याला कारणं अनेक होती, ओढ्याचं पात्र आवळलं गेलं हे त्यातलं मोठं. पण अशा सरी वाढणार असतील तर वरच्या उतारावर पाणी किती थांबतं हेही बघायला हवं.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. गिरिपुष्प हवेतला नत्र जमिनीत बांधतं. शेतात हा गुण. टेकडीवरची गवतं मात्र गरीब मातीत जगायला सरावलेली. माती खतावली की त्यांचा फायदा संपतो आणि भराभर वाढणाऱ्या तणांचा सुरू होतो. म्हणून नुसतं गिरिपुष्प कापलं तर रिकाम्या, नत्राने भरलेल्या जमिनीवर गाजर गवत आणि हिप्टिस (तेही परदेशी तणच) माजतात. हे मी आमच्याच उताराशेजारी पाहिलंय.

म्हणून आमचा विचार असा: मोठी झाडं आहेत तिथे राहू द्यायची. पावसाळ्यात माती मऊ असताना हाताने निघतील तेवढी रोपं काढायची. जिथे गवताचा माळ अजून शाबूत आहे त्याच्या कडेची झाडं परवानगी घेऊन विरळ करायची, तीही मार्चअखेर, शेंगा तडकायच्या आत. आणि बुंध्याला फुटणारे धुमारे सतत खुडत राहायचे. पायवाटेवरची सावली शेवटी, तिच्याखाली मोई-सालई डोक्याइतकी झाल्यावर.

---

बांधावरून

भोर तालुक्यात आमची भातशेती. गिरिपुष्प बांधावर आम्ही मुद्दाम लावतो, चिखलणीआधी कोवळा पाला खाचरात गाडला की युरिया कमी लागतो. त्यामुळे झाडाला वाईट म्हणू नका, जागा वाईट म्हणा. बांधावर आम्ही दरवर्षी छाटतो, शेंग धरायलाच देत नाही. टेकडीवर छाटणार कोण?

तुम्ही मार्चमध्ये छाटलेला पाला फेकू नका. टेकडीखालच्या रोपवाटिकेला आच्छादनाला द्या. मात्र गवताच्या माळावर पसरू नका, वर ताईंनी नत्राचं सांगितलं तेच होईल.

गाजर गवतावर काळ्या रेघांचा पांढुरका भुंगेरा येतो तो मारू नका. तो मेक्सिकन भुंगेरा, १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला आणि तिथून पसरत आला. पावसाळ्यात पानं फस्त करतो. मध्ये हा सूर्यफूल खातो म्हणून ओरड झाली होती, चौकशीही झाली. पण मुक्काम त्याचा गाजर गवतावरच. थंडी सुरू झाली की मातीत जाऊन झोपतो. त्यामुळे अवकाळीनंतर उगवलेल्या गवताला खायला तो नसतो, ते काम माणसांनीच करायचं.

---

पाऊलवाट

बांधावरून भाऊ, ही माहिती सोन्यासारखी. म्हणजे दिवाळीनंतरची फेरी टाळणं आपल्याला सगळ्यात महाग पडतंय.

---

पानगळ

तण काढल्यावर तिथे टाकळा पेरावा, तो गाजर गवताला दाबतो असं वाचलं होतं. कोणी केलंय का?

---

कुसळी

टाकळा चालेल, पण बी ओळखून घ्या. पुणे-सातारा-सोलापूर रस्त्यांच्या कडेला पिवळ्या फुलांची गच्च झुडपं दिसतात त्यातली पुष्कळशी सेन्ना युनिफ्लोरा आहे. ती टाकळ्याच्या कुळातली, मूळ अमेरिकेतली, आणि गाजर गवताला हटवते खरी. तिची मुद्दाम पेरणी करा असा सल्लाही दिला जायचा. पण मग त्या जागी वर्षानुवर्षं तीच राहते. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याचं बी घ्या, तेही रस्त्याकडेला आणि पडीक जागेत. माळावर मात्र गवतच. मारवेल आणि पवन्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतं, तेव्हा जवळच्या माळावरून थोडं थोडं गोळा करून कोरड्या पिशवीत ठेवायचं. पूर्वी ते जूनमध्ये टाकलं तरी चालायचं. आता एप्रिलअखेर तयार हवं, कारण पहिली ओल मिळण्याच्या वेळी जमिनीवर जे बी असेल तेच जागा धरतं.

आणि खड्डे! उतारावर चर-खड्डे खणले की उलटलेल्या मातीवर पहिलं गाजर गवतच येतं. जिथे रोप लावणारच आहात तेवढंच खणा.

---

रोखठोक

हवामान बदलाचा इथे काय संबंध ते मला कळलेलं नाही. नदीत जलपर्णी आहे कारण मैलापाणी नदीत सोडलं जातं. टेकडीवर तण आहे कारण आपण माती उकरतो आणि राडारोडा टाकतो. हवामानावर ढकललं की जबाबदार कोणीच राहत नाही.

---

मुठेकाठ

रोखठोक, मैलापाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. जलपर्णीला नत्र-स्फुरद लागतं आणि मुळा-मुठेत आपण ते फुकट देतो. ते थांबेपर्यंत बाकी सगळं मलमपट्टी आहे.

पण हवामानाचा संबंध आहे आणि तो वेळेचा आहे. जलपर्णी २५ ते ३० अंशांत जोरात वाढते, सोयीची स्थिती असेल तर दोन आठवड्यांत दुप्पट. थंडीत तिची वाढ मंदावते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की ती खाली वाहून जाते (नाहीशी होत नाही, पुढे उजनीकडे जाते). मग पात्र संथ झालं की कडेच्या खाचांत राहिलेल्या चार रोपांपासून पुन्हा सुरुवात. थंडी ही आपल्याला मिळणारी सवलत होती. हिवाळा उबदार गेला की ती सवलत कमी होते. आपल्याकडे मशीन मात्र तेव्हाच पाण्यात उतरतं, जेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये डासांच्या तक्रारी येतात आणि पात्र भरलेलं असतं. हजारो टन ओला चिखल-पाला उपसण्यापेक्षा विसर्ग थांबल्यावर लगेच, ऑक्टोबरमध्ये, कडेच्या खाचा हाताने साफ केल्या तर काम कितीतरी लहान होईल. कुसळी ताई टेकडीबद्दल जे म्हणतायत ते नदीला जसंच्या तसं लागू आहे.

उपसलेली जलपर्णी काठावर टाकणं हा तर वेगळाच प्रश्न. पुढच्या पुरात तिचे तुकडे परत पाण्यात. फुलली असेल तर बीही गाळात जातं आणि ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं.

जलपर्णी खाणारे सोंडे (सोंडेसारखं तोंड असलेले भुंगेरे) भारतात १९८० च्या दशकात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं. आपल्या वाहत्या, दरवर्षी धुऊन निघणाऱ्या नदीत मी त्यांच्यावर भिस्त ठेवणार नाही. पाषाण किंवा कात्रजसारख्या तलावात विचार करता येईल.

---

कुसळी

रोखठोक, जबाबदारी झटकायला हवामानाचं नाव घेतलं तर मीही विरोध करेन. पण प्रयोगांत हवेतला कर्बवायू वाढवल्यावर गाजर गवत जास्त जोमाने वाढलेलं दिसलंय. त्याच वेळी जूनमध्ये पाऊस येऊन पुढे तीन आठवडे ओढ बसली की आपण लावलेली देशी रोपं वाळतात आणि गिरिपुष्प तग धरतं. माती आपण उकरली हे खरं. उकरलेल्या मातीवर कोण जिंकणार हे मात्र पाऊस ठरवतो, आणि पावसाची घडी बदललीय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

---

भिगवणकर

नदीची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. पुण्याची जलपर्णी आणि पुण्याचं पाणी शेवटी आमच्याकडे उजनीत येतं. माशांचंही तसंच. चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणला. आज भिगवणच्या बाजारात ढीग चिलापीचाच असतो. आमच्या लोकांचं पोट त्यावर चालतं, म्हणून नुसतं वाईट कसं म्हणू? पण मरळ, वांब जाळ्यात येणं कमी झालं.

आता त्यात सकर मासा आलाय. काचेच्या टाकीत शेवाळ खातो म्हणून शहरात विकतात, हातभर वाढला की लोक दया येऊन नदीत सोडतात. त्याची पाठ खवल्यांच्या चिलखतासारखी, काटे ताठ. जाळं फाडतो आणि बाजारात कोणी घेत नाही. दिवसभराची कमाई जाळं शिवण्यात जाते. पाणी घाण आणि प्राणवायू कमी असला तरी तो जगतो, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बाकीचे मासे तडफडतात तेव्हाही. पुण्यातल्या मंडळींना हात जोडून विनंती, टाकीतला मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या कोणाला द्या. नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. विसर्जनाच्या हौदातही नको.

---

सावली_हवी

भिगवणकर काका, हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकतेय. टाकी असलेली चार-पाच घरं तरी आहेत.

---

त्वचा_आणि_काळजी

वैद्यकीय बाजू थोडक्यात. गाजर गवताची ॲलर्जी पहिल्या दिवशी होईलच असं नाही, वारंवार संपर्काने शरीर संवेदनशील होतं आणि एकदा झालं की नुसत्या हवेतल्या कणांनीही चेहरा-मान-हात सुजतात. पूर्ण बाह्या, हातमोजे, नाकावर फडकं, घरी गेल्यावर कपडे वेगळे धुणे. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी फुलावर आलेल्या गवतात काम करू नये. वाळलेला ढीग पेटवू नका. कुसळीताईंची 'फुलाआधी' ही वेळ आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण परागकण नसतात.

---

रोखठोक

एवढे कष्ट घेण्यापेक्षा ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर?

---

बांधावरून

नको दादा. एक तर २०२२ पासून ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कोणी वापरू नये असा केंद्राचा आदेश आहे. दुसरं, ते गवत आणि तण असा भेद करत नाही. माळावर मारलं तर पवन्याही गेला आणि उघड्या जमिनीवर पुन्हा गाजर गवत. उतारावरून ते ओढ्यात उतरेल ते वेगळंच.

---

पानगळ

घाणेरी आम्ही दरवर्षी कापतो आणि दरवर्षी दुप्पट फुटते. उपाय?

---

कुसळी

वरून कापू नका. जमिनीलगत खोड जिथे मुळाला मिळतं तो फुटव्याचा भाग असतो. त्याच्या खाली, मातीत तीन-चार बोटं जाऊन, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं, म्हणजे परत मूळ धरत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत बसवली. काळी फळं धरायच्या आत करा, नाहीतर बुलबुल बी घेऊन जातात. आधी झुडपात घरटं नाही ना ते बघा. आणि दोन वर्षं त्या जागी येणारी रोपं उपटायला परत जायचं, विशेषतः आजूबाजूच्या झाडांखाली, जिथे पक्षी बसतात.

---

पाऊलवाट

परत जायचं, हेच खरं. आम्ही मागे एका रविवारी अख्खा उतार साफ केला आणि मग दुसऱ्या टेकडीवर गेलो. त्या उतारावर आज पुन्हा सगळं तसंच आहे. २०२२ च्या जागतिक जैवविविधता करारात २०३० पर्यंत नव्या आक्रमक प्रजाती येण्याचा आणि रुजण्याचा वेग निम्मा करायचं उद्दिष्ट आहे. आपल्या पातळीवर त्याचा अर्थ मी असा लावतो की ज्या तुकड्यावर अजून घाणेरी पोहोचलेली नाही तो आधी राखायचा. सर्वांत भरलेली जागा निवडून तिथे दमायचं नाही.

आता नारिंगी कॉसमॉसही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतार भरून टाकतोय. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात, बी कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतं. पाचगाव-पर्वतीकडे आणि तळजईवर कोणी काम करतं का? तिथली स्थिती लिहा.

---

कुसळी

पाऊलवाट, 'अजून न भरलेला तुकडा आधी' हे आम्ही पुढच्या हंगामापासून पाळणार आहोत. ठरलं ते लिहिते, बाकी गटांनी आपापलं जोडावं.

आम्ही एकच तुकडा घेतोय, गवत शाबूत असलेला, आमच्या माणसांत तीन आठवड्यांत एकदा पूर्ण फिरता येईल एवढाच. गवताचं बी नोव्हेंबरमध्ये गोळा करून एप्रिलअखेर तयार. मे महिन्यात वळीव जोरात झाला तर पहिली फेरी जूनच्या आतसुद्धा होईल, कॉलेजची मुलं नसली तरी; त्यासाठी आसपासच्या सोसायट्यांतल्या निवृत्त मंडळींना आधीच विचारून ठेवलंय. गिरिपुष्प विरळ करण्याचा अर्ज जानेवारीतच द्यायचा, परवानगीला वेळ लागतो आणि शेंगा थांबत नाहीत. अर्जात सावली_हवी ताईंचा मुद्दा लिहून टाकणार आहे: पायवाटेवरचं एकही झाड नाही, आणि काढलेल्या प्रत्येक झाडाची जागा माळ किंवा देशी झाड म्हणूनच राहील, दुसऱ्या कशासाठी वापरली जाणार नाही.

मुठेकाठ, विसर्ग थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये नदीकाठच्या खाचा साफ करणार असाल तर निरोप इथेच टाका. आमच्याकडे फावडी, विळे आणि गमबूट आहेत.

---

मुठेकाठ

टाकतो. गमबूट नक्की लागतील, आणि लांब दांड्याचे दोन-तीन पंजेही मिळाले तर बघा.